घरच उलटले, तर घरातल्या एकाने काय करावे

पारलिंगी (ट्रान्सजेंडर, म्हणजे जन्मावेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा स्वतःची ओळख वेगळी असलेल्या) व्यक्तींच्या छळाविषयीचा बहुतेक मजकूर एक तर त्या व्यक्तींना उद्देशून असतो, नाही तर सरकारला. हे टिपण मात्र घरातल्या त्या मावशीसाठी, वहिनीसाठी किंवा चुलतभावासाठी आहे, ज्यांना घडते आहे ते दिसते, पटत नाही, आणि तरीही नेमके काय करावे ते उमगत नाही. कोल्हापूर शहरात आणि आसपासच्या गावांत अशा काही घरगुती बैठकांना मी बसले आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की घर सावरते की फुटते, हे पुष्कळदा कायद्याच्या आधी या एका माणसावर ठरते. कायदा लागतोच, पण त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी आतून कडी काढणारे कुणी तरी घरात असावे लागते.

पहिले काम म्हणजे छळाला छळ म्हणायला शिकणे, कारण घरात त्याचे नाव ‘काळजी’ असे असते. मुलगा म्हणून वाढवलेले मूल हळुवार बोलते, बहिणीची ओढणी अंगावर घेते, असे दिसले की आमच्याकडचा पहिला उपाय ठरलेला असतो: ‘तालमीत घाला, गडी होईल.’ तालमीला माझी ना नाही; पण पहाटे अंथरुणातून ओढून लाल मातीत उतरवलेल्या आणि तिथे रोज सगळ्यांची टिंगल सोसणाऱ्या मुलाला काय मिळते, हे कुणी विचारत नाही. नंतर केस जबरदस्तीने कापणे येते, मग मोबाइल काढून घेणे, आणि घरात पाहुणे आले की माळ्यावर किंवा मागच्या खोलीत बसवणे. हातकणंगले तालुक्यातल्या एका घरात स्वयंपाकघराच्या मांडणीत सगळ्यांची ताटे उभी लावलेली होती आणि एक ताट व एक पेला मात्र परड्यात, धुण्याच्या दगडाशेजारी उपडा घातलेला होता. मी विचारले तेव्हा आई म्हणाली, ‘त्याचं त्यालाच बरं पडतं तिथं.’ त्या घरात कुणीही कधी हात उगारलेला नव्हता, आणि हे मला दोनदा अभिमानाने सांगण्यात आले.

पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा २०१९ चा कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्याच्या कलम १८ ने शारीरिक आणि लैंगिक छळाबरोबरच शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळ हाही गुन्हा ठरवला आणि त्यासाठी सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद व दंड ठेवला. घरातून किंवा गावातून निघून जायला भाग पाडणे हाही त्याच कलमातला गुन्हा आहे. कलम १२ प्रमाणे आईवडील राहतात त्या घरात राहण्याचा, घराच्या कोणत्याही भागातून वगळले न जाण्याचा आणि तिथल्या सोयी भेदभावाविना वापरण्याचा हक्क पारलिंगी व्यक्तीला आहे. परड्यातल्या ताटाचा विषय थेट या कलमात बसतो. कोल्हापूरकरांना हे फार नवे वाटायला नको. घरातल्या स्त्रीला क्रूरपणे वागवणे ही घराची खासगी बाब नाही, असे सांगणारा कायदा करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ सालीच केला होता.

मुलगी म्हणून वाढलेल्या पारलिंगी पुरुषाचा छळ आणखी कमी दिसतो. त्याचे कॉलेज बंद होते, एकटे बाहेर जाणे बंद होते, आणि महिनाभरात कांदेपोह्यांचा कार्यक्रम ठरतो. ‘लग्न झालं की सुधारेल’ या वाक्यामागे लग्नानंतरच्या बळजबरीला दिलेली मूक संमती असते, हे त्या घरातल्या बायकांना पुरुषांपेक्षा अधिक चांगले ठाऊक असते. तुम्ही त्यांपैकी एक असाल, तर स्थळाची बोलणी चालू असतानाच बोला. बस्ता बांधल्यावर कुणीच ऐकत नाही.

बोलण्यातली पहिली दुरुस्ती

ती व्यक्ती तुमच्याजवळ पहिल्यांदा बोलली असेल, तर त्याच बैठकीत सल्ला देऊ नका. ‘कधीपासून?’ आणि ‘का?’ हे प्रश्न नंतरही विचारता येतील. त्याऐवजी तीन गोष्टी विचारून घ्या: तुला काय नावाने हाक मारू, ती सगळ्यांसमोर मारू की एकांतातच, आणि हे आणखी कुणाला ठाऊक आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत हा विषय नवऱ्याजवळ किंवा सख्ख्या बहिणीजवळही काढू नका, कारण अनेक घरांत पहिली मारहाण होते ती अशाच ‘विश्वासाने’ सांगितलेल्या गोष्टीतून.

व्याकरणाच्या बाबतीत आपल्या बोलीने थोडी सोय करून ठेवली आहे. कोल्हापुरी बाई स्वतःबद्दल ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे सहज म्हणते. मी लिहिताना ‘आले’ लिहिते आणि घरात ‘आलो’ म्हणते, आणि त्याने माझ्या बाईपणाला आजवर काही झालेले नाही. त्यामुळे स्वतःविषयी बोलताना त्या व्यक्तीची फारशी अडचण होत नाही. खटकते ते आपण तिला ‘अरे’ म्हणतो की ‘अगं’, आणि तिच्या माघारी ‘तो’ म्हणतो की ‘ती’. जीभ चुकली तर शब्द सुधारून पुढे बोला. माफीचा सोहळा केला की तिलाच तुमची समजूत काढत बसावे लागते.

देवीचे नाव, डॉक्टरचे नाव

या भागात एक गोष्ट वेगळी आहे. सौंदत्तीच्या यल्लमाला जाणारी हजारो घरे इथे आहेत, आणि केसांत जट आली किंवा मुलगा बायकी वागू लागला की ‘देवीचं आहे’ असे म्हणण्याची रीत जुनी आहे. स्वतःच्या इच्छेने, श्रद्धेने जोगता, म्हणजे देवीला वाहिलेला सेवेकरी, झालेल्या माणसांविषयी माझ्या मनात आदर आहे. जिथे समाजाने त्यांच्यासाठी दुसरी कोणतीच जागा ठेवली नव्हती, तिथे त्या परंपरेने लुगडे, चौंडके आणि थोडा मान तरी दिला. पण चौदा वर्षांच्या मुलाच्या गळ्यात घरच्यांनी मोती बांधायचे, त्याच्या हातात परडी द्यायची आणि त्याला जोगव्याला लावून ‘आता तो देवीचा, आमचा नाही’ असे म्हणून मोकळे व्हायचे, यात श्रद्धा कमी आणि सुटका जास्त असते. अशा वेळी देवीविरुद्ध बोलू नका, तिथे तुम्ही हरणार. ‘देवीचं असेल तर देवी घरात राहू देईल, शाळा का सोडवताय?’ असे विचारा. माझ्या डोळ्यांसमोर हा प्रश्न एकदा चालला, एकदा चालला नाही.

उतारा, धूर, झाडफूक, ‘आत शिरलेली बाई’ काढण्यासाठी चाबकाने किंवा साखळीने मारणे, यांना मात्र थारा देऊ नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि ती फक्त देवऋषीला नाही, त्याला मदत करणाऱ्यालाही होऊ शकते. बहुतेक बापांना हे दुसरे वाक्य ठाऊक नसते. ते त्यांच्यापर्यंत पोहोचवा.

सुशिक्षित घरात देवऋषीची जागा डॉक्टर घेतो. ‘बरे करून देतो’ म्हणणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला टाळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या रोगवर्गीकरणात पारलिंगी असणे मानसिक आजारांमध्ये मोडत नाही, आणि अशी ‘बदलण्याची’ उपचारपद्धती हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केलेले आहे. समाजाच्या चालीरीतींशी न जुळणे हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही, असे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो. बदल त्या व्यक्तीत घडवायचा नसला, तरी मार खाऊन, अपमान गिळून आलेल्या उदासीला आणि मरणाच्या विचारांना उपचार लागतात, आणि त्यासाठी १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र फोन करता येतो. तो फोन आईलाही करता येतो. मी पाहिलेल्या आयांपैकी निम्म्या अधिक घाबरलेल्या होत्या आणि निम्म्या अधिक चिडलेल्या, पण रात्री झोप कुणालाच नव्हती.

भावकीची बैठक

कधी तरी बैठक होतेच. थोरले काका सोप्यात बसतात, चहा फिरतो, ज्याच्याविषयी बोलायचे ती व्यक्ती उंबऱ्याशी उभी असते, आणि बोलणे सुरू होते ते तिच्यावरून नव्हे, तर धाकट्या बहिणीच्या सोयरिकीवरून. ‘गावाला काय सांगायचं?’ हा या बैठकीचा खरा विषय असतो, म्हणून त्याचे उत्तर तयार ठेवून जा. ‘शिकतंय, कामाला जातंय, कुणाचं काही घेतलेलं नाही’ एवढे तीन तुकड्यांचे उत्तर बहुतेक गावांना पुरते. ‘अलीकडे सगळीकडे असंच असतं’ असे म्हणू नका. त्याने काकांचा पारा चढतो. २०१४ च्या १५ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी ही ओळख मान्य केली, हे सांगायला हरकत नाही, पण ते शेवटी सांगा, आणि घरातल्या वकिली शिकलेल्या एखाद्या भाच्याच्या तोंडून सांगितले तर अधिक चांगले.

त्या व्यक्तीला बैठकीत एकटी उभी ठेवू नका. तिच्या शेजारी जाऊन बसा. याचा परिणाम कोणत्याही भाषणापेक्षा जास्त होतो, कारण आता तिच्या अंगावर हात टाकायचा तर तो तुम्हाला ओलांडून टाकावा लागतो. आवाज चढू लागले तर वाद जिंकायच्या मागे न लागता बैठक मोडा. ‘जेवून घेऊ आधी’ हे वाक्य आपल्याकडे कुणालाही नाकारता येत नाही.

वही, कागद आणि जमीन

छळ वारंवार होत असेल तर एक साधी शंभरपानी वही करा आणि ती त्या घरात ठेवू नका. नोंद कशी असावी, याचा नमुना देते: ‘१४ ऑगस्ट, रात्री साडेनऊ. सोप्यात. थोरल्या काकांनी डाव्या मनगटाला धरून ओढले, पट्ट्याने पाठीवर दोन वेळा मारले. “घरातून चालता हो” असे म्हणाले. चुलतबहीण आणि आजी हजर. दुसऱ्या दिवशी वळाचा फोटो काढला.’ यात ‘फार वाईट वागले’ असे कुठेही नाही, हे लक्षात घ्या. जखम असेल तर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जा, ‘पडलो’ असे सांगू नका, आणि मारहाणीची जखम म्हणून एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर) नोंद करायला डॉक्टरांना सांगा. काही महिन्यांनी वळ राहत नाही. ती नोंद राहते.

मूळ कागदपत्रे ही घरच्यांच्या हातातली सगळ्यांत मोठी चावी असते. आधार, दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला आणि बँकेचे पासबुक यांच्या प्रती तुमच्याकडे ठेवा, मिळतील ती प्रमाणपत्रे डिजिलॉकरमध्ये उतरवून घ्या, आणि वडिलांबरोबर संयुक्त खाते असेल तर त्या व्यक्तीच्या एकटीच्या नावाने दुसऱ्या बँकेत खाते उघडा. पारलिंगी ओळखीच्या प्रमाणपत्रासाठी २०२० च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे, राष्ट्रीय पोर्टलवरून ऑनलाइन, अर्जाची सोय केली आहे. नियमांत बदल होत असतात, म्हणून अर्जाआधी विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात समाजकल्याण विभागात चालू पद्धत विचारून घ्या. हे प्रमाणपत्र हातात नसले तरी मारहाणीची तक्रार देता येते. त्यासाठी थांबू नका.

आता जमीन. याविषयी फारसे कुणी लिहीत नाही, पण माझ्या अनुभवात अनेक घरांतला ‘अब्रूचा’ प्रश्न सातबाऱ्याशी येऊन थांबतो. पोराला घराबाहेर काढायचे ठरले की दोन महिन्यांत एक दिवस त्याला गोड बोलून तालुक्याच्या दुय्यम निबंधकाकडे नेले जाते आणि हक्कसोडपत्रावर अंगठा व फोटो घेतला जातो. बदल्यात कधी पाच हजार रुपये हातावर ठेवलेले असतात, कधी नुसतेच ‘ये-जा चालू ठेवू’ असे तोंडी वचन. हिंदू वारसा कायद्यात २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलगा आणि मुलगी यांचा हक्क सारखाच आहे, त्यामुळे ती व्यक्ती स्वतःला मुलगा म्हणवते की मुलगी, याने तिचा वाटा कमी होत नाही. तेव्हा वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही, हे तिला आधीच पक्के सांगून ठेवा. वडील वारल्यावर वारसांच्या यादीतून तिचे नाव गाळले जाते आहे का, ते महाभूमीच्या संकेतस्थळावर गट क्रमांक टाकून पाहत राहा. फेरफाराच्या नोटिशीनंतर १५ दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत घेता येते. ही हरकत घेतली की घरात तुमचेही ताट परड्यात जाण्याची शक्यता आहे, एवढे मनाशी धरून चाला.

घर सोडावेच लागले, तर

राहण्याचा हक्क आहे म्हणून मार खात राहण्याचे बंधन नाही. निघायचे ठरले तर दिवसा निघावे, कुठे जायचे ते आधी ठरलेले असावे, आणि अंगावरचे कपडे, कागदपत्रे व स्वतःचे पैसे यांपलीकडे काहीही बरोबर नसावे. आईने प्रेमाने दिलेली अंगठीसुद्धा नको, कारण दुसऱ्या दिवशी चोरीची तक्रार होते आणि मग पोलिसांना शोधायला निमित्त मिळते. त्याबरोबरच ‘मिसिंग’ दाखल होईल, हे गृहीत धरा. म्हणून व्यक्ती १८ वर्षांपुढील असेल तर निघाल्या दिवशीच एक अर्ज लिहून तो घराजवळच्या आणि मुक्कामाच्या अशा दोन्ही पोलीस ठाण्यांत द्यावा किंवा स्पीड पोस्टाने पाठवावा: ‘मी सज्ञान आहे, स्वखुशीने घर सोडले आहे, माझ्या जिवाला अमुक अमुक व्यक्तींपासून धोका आहे, माझा ठावठिकाणा त्यांना देऊ नये.’ वयाचा पुरावा जोडावा आणि पोच घ्यावी.

मध्यवर्ती बसस्थानकावरून मिळेल त्या रात्रीच्या गाडीने पुणे-मुंबई गाठणे, हा मार्ग मी कुणालाही सुचवणार नाही. तिथे तृतीयपंथीयांच्या गुरूच्या डेऱ्यात जागा मिळते, आणि रक्ताच्या माणसांनी टाकलेल्या कित्येकांना त्या घराण्यांनी खरोखर जगवले आहे. पण तिथले देणेघेणे, बंधने आणि कमाईची अपेक्षाही असते. ती समजून उमजून स्वीकारणे वेगळे आणि उपाशी पोटी स्वीकारणे वेगळे. केंद्र सरकारच्या स्माइल योजनेत गरिमा गृह नावाची निवारागृहे आहेत. तिथे जागा आहे का, हे निघण्यापूर्वी फोनवर विचारून घ्यावे.

व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर मात्र सगळे गणित बदलते. तिला परस्पर आपल्या घरी नेऊन ठेवू नका; हेतू कितीही चांगला असला तरी पालक तुमच्यावर अपहरणाची तक्रार देऊ शकतात. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा आणि बालकल्याण समितीसमोर विषय न्या. पारलिंगी असल्याच्या कारणावरून मुलाला न्यायालयाच्या आदेशाशिवाय आईवडिलांपासून वेगळे करता येत नाही, हे २०१९ च्या कायद्यातले कलम मुलाला हाकलणाऱ्या पालकांनाही लागू आहे, याची आठवण समितीपुढे जरूर करून द्या.

कोंडून ठेवले असेल किंवा मारहाण चालू असेल तर ११२. ठाण्यात ‘घरातला मामला आहे, मिटवून घ्या’ असे ऐकावे लागण्याची तयारी ठेवा. मलाही हे ऐकावे लागले आहे, तेही बाकावर दोन तास बसवून ठेवल्यानंतर. तक्रार तोंडी न सांगता लिहून न्या. हद्दीचे कारण सांगितले तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, हे सांगा. तरीही घेतली नाही तर तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. कोंडलेल्या व्यक्तीला सोडवण्यासाठी दंडाधिकारी झडतीचे वॉरंट काढू शकतात. कागदोपत्री स्त्री अशी नोंद असलेल्या पारलिंगी पुरुषाला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा आधार माहेरच्या माणसांविरुद्धही घेता येतो; स्वतःला बाई म्हणवून घेऊन दाद मागावी लागणे किती जाचक आहे हे उघड आहे, म्हणून हा मार्ग घ्यायचा की नाही, ते त्यालाच ठरवू द्या. शस्त्रक्रियेनंतर स्त्री म्हणून जगणाऱ्या पारलिंगी महिलेलाही या कायद्याखाली दाद मागता येते, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये दिला आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झाल्यामुळे संरक्षणासाठीच्या याचिकेकरिता आता मुंबईला खेपा घालाव्या लागत नाहीत.

व्यक्ती बाहेर पडल्यानंतर घरातल्या त्या एका माणसाचे काम थोडे कमी होते, इतकेच. आठवड्याला एक फोन ठरवून घ्या आणि तो चुकवू नका. वडिलांची तब्येत, म्हशीचे वेत, शेजारच्या लग्नाची हकीकत, असे सगळे सांगा. ‘परत कधी येणार?’ एवढे मात्र विचारू नका. दिवाळीला घरी बोलावणे जमण्यासारखे नसेल तर फराळ घेऊन तुम्ही जा, रंकाळ्याच्या काठावर भेटा. परड्यातल्या ताटाच्या त्या आईने दुसऱ्या वर्षी माझ्याकडे चकलीचा डबा दिला होता आणि त्यावर भांड्यांच्या दुकानातून नाव घालून घेतले होते. नाव जुनेच होते. डबा पोहोचवण्याआधी मी तो परत नेऊन त्यांना दाखवला आणि खरे नाव सांगितले. त्यांनी काहीच न बोलता तो माझ्या हातातून घेतला, चकल्या दुसऱ्या, बिननावाच्या डब्यात काढल्या आणि दुकान किती वाजता उघडते ते विचारले.